डिस्चार्ज कार्डावरील ‘कन्झर्व्हेटिव्हली’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्णालयाच्या इंग्रजी कागदांचे मराठी भाषांतर करून देण्याचे काम मी सोलापुरात करते. अशोक चौक, साखर पेठ, विडी घरकुल अशा भागांतून लोक प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली डिस्चार्ज कार्डे घेऊन येतात. कुणाला विम्यासाठी भाषांतर हवे असते, तर कुणाला आपल्या माणसाला नेमके काय झाले होते एवढेच समजून घ्यायचे असते. या कागदांवरील एका क्रियाविशेषणाविषयी मला सर्वांत जास्त विचारणा होते आणि त्याचाच सर्वांत जास्त गैरसमजही होतो. ते प्रश्न व त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ही माहिती शब्दाचा अर्थ कळावा यासाठी आहे. उपचार कोणता घ्यावा हे तुम्हाला तपासलेले डॉक्टरच सांगतील.

कार्डावर ‘पेशंट मॅनेज्ड कन्झर्व्हेटिव्हली’ असे लिहिले आहे. याचा नेमका अर्थ काय?

रुग्णावर शस्त्रक्रिया न करता उपचार केले, असा याचा सरळ अर्थ आहे. त्या उपचारांत सलाइन, इंजेक्शने, गोळ्या, प्लास्टर, पट्टा, फिजिओथेरपी, काही काळ तोंडाने काही न देणे, ठरावीक वेळाने तपासणी करत राहणे यांपैकी काहीही असू शकते. आजार कोणता होता हे या शब्दावरून कळत नाही. तो कोणत्या मार्गाने हाताळला गेला एवढेच कळते. म्हणून हा शब्द सुटा वाचू नये. कार्डाच्या वरच्या भागातील निदान आणि ‘कोर्स इन हॉस्पिटल’ या शीर्षकाखालचा मजकूर यांच्याबरोबरच तो वाचावा.

फोनवर भाषांतर केले तर ‘पुराणमतवादी पद्धतीने व्यवस्थापन’ असे आले. हे बरोबर आहे का?

बरोबर नाही, आणि या एका चुकीने घरात किती घोळ होतो हे मी पाहिले आहे. आमच्या ओळखीच्या एक विडी कामगार मावशी कंबरदुखीसाठी एका रुग्णालयात पाच दिवस राहून घरी आल्या. मुलाने कार्डाचा फोटो काढून फोनवर भाषांतर केले आणि ‘रुग्णाचे पुराणमतवादी व्यवस्थापन करण्यात आले’ हे वाक्य आईला वाचून दाखवले. मांडीवर सूप, सुपात कातरलेली पाने आणि तंबाखू, अशा अवस्थेत मावशींचा विडी वळणारा हात थांबला. “म्हणजे जुन्या पद्धतीची औषधं दिली का रे? नवी महाग पडतात म्हणून?” असे त्यांनी विचारले. पुढचे दोन दिवस त्यांनी गोळ्याच घेतल्या नाहीत. आपल्याला टाकाऊ उपचार मिळाले, असे त्यांच्या मनाने घेतले होते.

‘पुराणमतवादी’ हा अर्थ राजकारणातला आणि समाजजीवनातला आहे. त्याच इंग्रजी शब्दाचा वैद्यकीय अर्थ वेगळ्या बाजूने वाढलेला आहे. नव्या-जुन्याशी त्याचा काहीही संबंध नाही. अगदी अलीकडे बाजारात आलेले औषध दिले असले तरी डॉक्टर ‘कन्झर्व्हेटिव्हली’ असेच लिहितील.

हा शब्द आला कुठून, आणि त्याचा उच्चार कसा करावा?

मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ जपणे, राखणे, सांभाळून ठेवणे असा आहे. आपल्याकडे ‘डॉक्टरांनी पाय राखला’ असे म्हणतात. त्यातला ‘राखणे’ हा शब्द मला या मूळ अर्थाच्या सर्वांत जवळचा वाटतो.

वैद्यकात हा अर्थ शिरला तो शस्त्रक्रियेच्याच दालनातून, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. हाड मोडून बाहेर आले किंवा सांधा सडला, की हातपाय कापून टाकणे हाच एके काळी युरोपातील शल्यचिकित्सकांचा नेहमीचा उपाय होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील विल्यम फर्ग्युसन यांनी पूर्ण अवयव न कापता केवळ बिघडलेला भाग काढून उरलेला हात किंवा पाय वाचवण्याचा आग्रह धरला आणि अशा शस्त्रक्रियेसाठी ‘कन्झर्व्हेटिव्ह सर्जरी’ हे नाव रूढ केले. म्हणजे त्या काळी हा शब्द ‘अवयव राखणारी शस्त्रक्रिया’ या अर्थाने वापरला जात होता. पुढे भूल आणि निर्जंतुकीकरण यांमुळे शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागल्या आणि शब्दाचा रोख ‘शस्त्रक्रियाच टाळून शरीर राखणे’ याकडे वळला. आज दोन्ही अर्थ शिल्लक आहेत, आणि त्यामुळेच कधीकधी गोंधळ होतो. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

उच्चाराबद्दल थोडेसे. मराठीत आपण ‘झ’ लिहितो आणि बोलतो, म्हणून येथेही तेच रूप ठेवले आहे. इंग्रजी शब्दकोशांत मात्र तेथे ‘स’ दिलेला असतो आणि आघात दुसऱ्या अक्षरावर, म्हणजे ‘सर्’वर असतो. शेवटचा ‘ली’ हा इंग्रजीत विशेषणाचे क्रियाविशेषण करणारा प्रत्यय आहे. ‘कन्झर्व्हेटिव्ह ट्रीटमेंट’मध्ये तो शब्द उपचाराचे वर्णन करतो, तर ‘ट्रीटेड कन्झर्व्हेटिव्हली’मध्ये उपचार करण्याच्या रीतीचे.

म्हणजे डॉक्टरांनी काहीच केले नाही, नुसते ठेवून घेतले, असे समजायचे का?

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक आठवड्याला विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्याचा राग मी समजू शकते. सुट्टी टाकून, मजुरी बुडवून चार दिवस रुग्णालयात बसलेल्या माणसाला अंगावर टाका किंवा चीर दिसली नाही, तर पैसे कशाचे घेतले असे वाटते.

उत्तरासाठी एक उदाहरण जवळून पाहू. अपेंडिक्सला सूज येऊन काही दिवस उलटले, की कधीकधी आजूबाजूची आतडी आणि चरबीचा पडदा तिला चिकटून पोटात उजवीकडे खाली एक गाठ तयार होते. अशा वेळी घाईने पोट उघडले, तर चिकटलेल्या आतड्यांना इजा होण्याचा धोका असतो. म्हणून शिकागोचे ऑक्स्नर आणि लंडनचे शेरेन या दोन शल्यचिकित्सकांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत वापरतात. तिच्यात रुग्णाला दाखल करतात, तोंडाने खाणेपिणे थांबवून सलाइन व प्रतिजैविके देतात आणि नाडी व ताप यांची नोंद ठरावीक तासांनी ठेवतात. गाठीची कड हाताने चाचपून पोटाच्या कातडीवर पेनाने आखण्याचीही रीत आहे. दुसऱ्या दिवशी गाठ त्या रेघेच्या आत सरकली की उपचार लागू पडत आहेत असे समजते; रेघेबाहेर पसरली किंवा नाडी वाढत गेली, तर बेत बदलावा लागतो. हे सगळे चार-पाच दिवस अहोरात्र केल्यानंतर कार्डावर शब्द उमटतो तो एकच : ‘कन्झर्व्हेटिव्हली’.

पोटाला मार लागून यकृत किंवा प्लीहा फाटलेल्या रुग्णाचेही असेच आहे. रक्तदाब स्थिर असेल, तर अशा अनेक रुग्णांवर आज शस्त्रक्रियेविना उपचार होतात. परंतु ते अतिदक्षता विभागात, रक्ताच्या पिशव्या आणि शस्त्रक्रियागृह तयार ठेवून. स्वादुपिंडाला अचानक आलेली सूजही बहुतेक वेळा याच मार्गाने बरी होते. तेव्हा हा शब्द दिसल्यावर ‘काय केले नाही’ हे विचारून थांबू नका. ‘या दिवसांत काय काय केले आणि काय पाहिले जात होते’ हे डॉक्टरांना विचारा. ते सांगणे त्यांचे काम आहे आणि तो तुमचा हक्कही आहे.

या शब्दाच्या आजूबाजूला आणखी कोणते शब्द येतात? त्यांनी अर्थ बदलतो का?

बराच बदलतो. माझ्या अनुभवात निम्मी चूक मूळ शब्दाची नसून शेजारच्या शब्दाकडे दुर्लक्ष केल्यामुळे झालेली असते.

आधी ‘इनिशियली’ असेल, तर ‘सुरुवातीला’ शस्त्रक्रियेविना उपचार केले असा अर्थ होतो, आणि पुढे कुठेतरी शस्त्रक्रियेचा उल्लेख येण्याची शक्यता असते. तेथे न थांबता खालचा परिच्छेद वाचावा.

‘फेल्ड कन्झर्व्हेटिव्ह मॅनेजमेंट’ असे लिहिले असेल, तर रुग्ण नापास झाला किंवा डॉक्टर चुकले असा त्याचा अर्थ नाही. औषधोपचारांनी पुरेसा गुण आला नाही, म्हणून शस्त्रक्रिया करण्याचे कारण निर्माण झाले, एवढीच ती नोंद आहे. एका यंत्रमाग कामगाराच्या वडिलांनी हे वाक्य वाचून ‘आमच्या पोराची केस बिघडवली’ असे गावभर सांगितले होते. वास्तविक त्या मुलाची पुढची शस्त्रक्रिया चांगली पार पडली होती आणि त्याच कार्डावर तसे लिहिलेही होते.

सर्वांत महत्त्वाची जोडी ‘इन व्ह्यू ऑफ’ ही आहे. तिच्यानंतर कारण येते. ‘वाढते वय आणि हृदयविकार लक्षात घेता’, ‘प्लेटलेट कमी असल्यामुळे’, ‘नातेवाइकांची शस्त्रक्रियेस तयारी नसल्यामुळे’ अशी ती कारणे असतात. शेवटचे कारण असेल तर सावध व्हावे. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली होती आणि घरच्यांनी नकार दिला होता, असा त्याचा अर्थ होतो. म्हणजेच हा मार्ग डॉक्टरांच्या मते पहिल्या पसंतीचा नव्हता. नकार कुणी दिला, रुग्णाला विचारले होते का, आता पुन्हा विचार करता येईल का, हे घरात बसून बोलायला हवे.

वाक्यातील जागेबद्दल सांगायचे तर हे क्रियाविशेषण सहसा ‘मॅनेज्ड’ किंवा ‘ट्रीटेड’च्या नंतर येते, आणि वाक्य कर्मणी असते. ‘उपचार करण्यात आले’ या आपल्या सरकारी मराठीसारखेच त्यातही कोणी केले हे दिसत नाही. घाईत लिहिताना डॉक्टर ‘मॅनेजमेंट’साठी केवळ ‘एमएक्स’ आणि ‘ट्रीटमेंट’साठी दोन ‘टी’ व मध्ये तिरकी रेघ काढतात, तेही ओळखून ठेवावे.

मुतखड्याच्या कार्डावर हा शब्द आहे. खडा तर अजून आतच आहे, मग घरी का सोडले?

सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो. पत्र्याखालच्या कारखान्यात मागावर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या अंगातून घामावाटे पाणी जाते, लघवी घट्ट होते आणि खडे धरतात. त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे फार येतो.

मूत्रवाहिनीतील ५ मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडून जातात. १० मिलिमीटरपेक्षा मोठा खडा आपोआप पडण्याची शक्यता कमी असते. म्हणून सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या अहवालातील आकडा आधी पाहावा. खडा लहान असेल, तर वेदनाशामक, भरपूर पाणी, काही वेळा मूत्रवाहिनी सैल करणारी गोळी आणि ठरलेल्या दिवशी पुन्हा तपासणी, हाच ‘कन्झर्व्हेटिव्हली’चा मजकूर असतो. लघवी गाळून घ्यायला सांगतात तेही याचसाठी. एका तरुणाने घरातली जुनी चहाची गाळणी त्या कामाला लावली होती; अकराव्या दिवशी तिच्यात मोहरीएवढा, तपकिरी, काटेरी खडा अडकला. तो त्याने काडेपेटीत घालून डॉक्टरांना नेऊन दिला आणि तो कशाचा बनला आहे हे तपासता आले.

थंडी वाजून ताप येणे, लघवी बंद होणे, गोळ्यांनीही कळ न थांबणे, किंवा मूत्रपिंड एकच असणे, यांपैकी काहीही असेल तर ‘आपले तर कन्झर्व्हेटिव्ह चालू आहे’ असे म्हणून घरी थांबू नये. अडलेल्या लघवीत संसर्ग झाला, तर काही तासांत जिवावर बेतू शकते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका अशाच वेळेसाठी आहे.

कमरेतील गादी सरकली आहे आणि कार्डावर हाच शब्द आहे. गादी आपोआप जागेवर जाते का?

ज्याला आपण ‘गादी सरकणे’ म्हणतो, त्यात मणक्यांमधील चकतीचा मऊ भाग बाहेर येऊन नसेवर दाब देतो. बाहेर आलेला हा भाग अनेकदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते आणि नसेची सूजही उतरते. त्यामुळे बहुसंख्य रुग्णांना ६ ते १२ आठवड्यांत शस्त्रक्रियेविना बराच आराम पडतो. वर उल्लेखिलेल्या विडी कामगार मावशींचे निदान हेच होते. त्यांना हे सर्व मराठीत लिहून दिल्यावर त्यांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि मांडी घालून सलग बसण्याऐवजी दर अर्ध्या तासाला उठून अंगणात फेरी मारू लागल्या.

येथे एक जुना समज बाजूला ठेवावा लागतो. महिनाभर फळीवर झोपून राहणे म्हणजे कन्झर्व्हेटिव्ह उपचार, असे आजही अनेक घरांत मानले जाते. दीर्घकाळ पडून राहिल्याने पाठीचे स्नायू दुबळे होतात, म्हणून झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवायलाच आता सांगितले जाते.

मात्र लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या आतील व गुदद्वाराभोवतीचा भाग बधिर होणे, पायातील ताकद कमी होत जाणे, ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तेथे थांबून पाहण्याला जागा नाही.

अपेंडिक्सवर केवळ औषधांनी उपचार झाले. पुन्हा त्रास होईल का?

होऊ शकतो, आणि हे कार्ड देतानाच सांगितले गेले पाहिजे. फिनलंडमधील एका अभ्यासात गुंतागुंत नसलेल्या अपेंडिक्सच्या रुग्णांना केवळ प्रतिजैविके दिली. ५ वर्षांत त्यांपैकी सुमारे ३९ टक्के रुग्णांना अपेंडिक्सचा त्रास पुन्हा झाला. अमेरिकेतील २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रतिजैविके घेतलेल्या सुमारे १० पैकी ३ जणांवर ९० दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणजे पुष्कळांना औषध पुरते, पण सर्वांना नाही. परगावी जाताना कार्डाची प्रत जवळ ठेवावी आणि पोट पुन्हा दुखले, तर आधीच्या उपचारांचा उल्लेख आठवणीने करावा.

हाड मोडले आहे आणि ‘कन्झर्व्हेटिव्हली’ लिहिले आहे. म्हणजे हाडवैद्याकडे नेले तरी चालेल का?

नाही. येथे या शब्दाचा अर्थ सळई किंवा पट्टी न बसवता, हाड जागेवर आणून प्लास्टर किंवा झोळी लावणे असा आहे. प्लास्टरनंतर बोटे सुजली, निळी पडली, बधिर झाली किंवा वेदना वाढतच गेली, तर तत्काळ परत जावे.

शस्त्रक्रिया झाली आहे, तरीही कागदावर ‘कन्झर्व्हेटिव्ह’ आहे. ही चूक आहे का?

चूक नाही. हा फर्ग्युसन यांच्या काळातला, अवयव राखण्याचा अर्थ आहे. स्तनाच्या कर्करोगात संपूर्ण स्तन न काढता गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढतात आणि नंतर किरणोपचार देतात. त्या शस्त्रक्रियेला याच शब्दाने ओळखतात. योग्य रुग्ण निवडल्यास या पद्धतीने जगण्याचे प्रमाण पूर्ण स्तन काढण्याइतकेच राहते, हे मिलानमधील वेरोनेसी आणि पिट्सबर्गमधील फिशर यांच्या २० वर्षांच्या पाठपुराव्यातून २००२ साली स्पष्ट झाले. ज्या बाईच्या हातात असे कार्ड आहे, तिला ‘अर्धवट ऑपरेशन केले’ असे कुणी म्हणू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. असे बोल मी रुग्णालयाच्या व्हरांड्यात ऐकलेले आहेत.

दंतवैद्यकातील ‘कन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री’ ही शाखाही याच अर्थाची आहे. दात न उपटता तो भरणे किंवा रूट कॅनाल करून राखणे हे तिचे काम.

अतिदक्षता विभागाच्या कागदावर ‘फ्लुइड्स गिव्हन कन्झर्व्हेटिव्हली’ असे आहे. येथेही तोच अर्थ का?

येथे अर्थ बदलतो : सलाइन बेताने, हात राखून दिले. फुप्फुसांना तीव्र सूज आलेल्या रुग्णांत जास्त पाणी फुप्फुसांत उतरते. असे बेताने सलाइन दिल्यास मृत्यूचे प्रमाण बदलत नसले, तरी कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे दिवस कमी होतात, असे अमेरिकेतील २००६ सालच्या मोठ्या अभ्यासात दिसले. तेव्हा ‘सलाइनमध्येही काटकसर केली’ असा अर्थ लावू नये. बातम्यांत ‘कन्झर्व्हेटिव्हली’ आकडा सांगितला जातो, तेव्हाही ‘कमीत कमी धरले तरी’ असाच बेताचा अर्थ असतो.

‘मेडिकली’, ‘सिम्प्टमॅटिकली’, ‘एक्स्पेक्टंटली’ हे शब्दही तसेच आहेत का?

ते शेजारी आहेत, पण एक नाहीत. ‘मेडिकली’ म्हणजे औषधांनी. ‘सिम्प्टमॅटिकली’ म्हणजे ताप, उलटी, वेदना अशा लक्षणांपुरता उपचार. विषाणूजन्य तापात तो पुष्कळदा पुरेसा असतो. ‘एक्स्पेक्टंटली’ म्हणजे औषधही न देता, ठरवून लक्ष ठेवत थांबणे. सुरुवातीच्या आठवड्यांत आपोआप होणाऱ्या गर्भपाताच्या काही प्रसंगी हा शब्द येतो. ‘कन्झर्व्हेटिव्हली’च्या पोटात हे तिन्ही येऊ शकतात.

मूत्रपिंडाच्या अखेरच्या टप्प्यातील आजारात मात्र तो ‘डायलिसिस न करता’ या अर्थाने येतो. तेथे रुग्णाला बरे वाटावे, दम आणि खाज कमी व्हावी, याकडे सगळे लक्ष असते. वृद्ध रुग्णाच्या कागदावर हा उल्लेख दिसला, तर डॉक्टरांशी निवांत वेळ मागून बोलावे, कारण तो निर्णय औषधांपेक्षा फार मोठा असतो.

या शब्दामुळे विम्याचा दावा नाकारला जातो का?

केवळ या शब्दामुळे जाऊ नये. शस्त्रक्रिया झाली नाही म्हणून दावा नाही, असा सरसकट नियम नाही. अडचण वेगळ्या ठिकाणी असते. आरोग्य विम्यात साधारणपणे किमान २४ तास दाखल असावे लागते, आणि केवळ तपासण्यांसाठी किंवा निव्वळ विश्रांतीसाठी दाखल झालेल्याचा खर्च प्रमाणित अपवादांत मोडतो. कार्डावर ‘मॅनेज्ड कन्झर्व्हेटिव्हली’ एवढेच लिहून पुढे काहीच नसेल, तर या माणसाला दाखल करण्याची गरज काय होती, अशी शंका कंपनीकडून येते. म्हणून घरी निघण्यापूर्वीच विनंती करून कोणती इंजेक्शने व सलाइन दिली, किती दिवस दिली आणि घरी उपचार का शक्य नव्हते, हे कार्डावर लिहून घ्यावे. नंतर आठवडाभराने परत जाऊन लिहून घेताना संबंधित डॉक्टर भेटतीलच असे नाही.

घरच्यांसाठी मराठीत एका ओळीत काय लिहावे?

नुसते ‘शस्त्रक्रियेविना उपचार’ असे लिहिले, तर अर्थ बरोबर होतो, पण अपुरा राहतो. मी कार्डाच्या झेरॉक्सच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून देते. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असतील, तर नातवंडे ते वाचून आजीला तिच्या भाषेत सांगतात. मावशींच्या कागदावर लिहिलेली ओळ अशी होती : ‘ऑपरेशन न करता औषध, व्यायाम आणि तपासणी यांनी कंबर बरी करण्याचे ठरले आहे, पायातली ताकद कमी झाली किंवा लघवी कळेनाशी झाली तर लगेच यायचे, नाहीतर पंधरा दिवसांनी सोमवारी दाखवायचे.’